दळण आणि संवाद : ऑनलाइन भूमिकाखेळांतील पातळीवाढ व सामाजिकता

प्रास्ताविक

ऑनलाइन भूमिकाखेळांविषयी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांविषयी, जे अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे त्यात एक विरोध बहुधा गृहीत धरलेला आढळतो. एका बाजूला हे खेळ म्हणजे हजारो माणसे एकाच वेळी वावरतात अशी सामाजिक आभासी जगे होत. दुसऱ्या बाजूला ते तेच तेच राक्षस मारून, अनुभवगुण साठवून, आपल्या पात्राची पातळी एकेका आकड्याने वर नेण्याचा कंटाळवाणा उद्योग होत. या उद्योगाला इंग्रजी भाषक खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'दळण' यापेक्षा चपखल शब्द सापडणार नाही. 'तेच ते दळण दळणे' हा वाक्प्रचार आपण नेमक्या याच अर्थाने वापरतो. समीक्षेचा कल साहजिकच पहिल्या बाजूकडे असतो. संवाद हा गुण आणि दळण हा दोष, अशी वाटणी करून ती मोकळी होते.

प्रस्तुत लेखात या वाटणीची फेरतपासणी करावयाची आहे. ज्या खेळांत समाज खरोखर उभा राहिला त्यांत तो दळणाच्या बाहेर नव्हे, तर दळणाच्या सक्तीत आणि त्याच्या विसाव्यात उभा राहिला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दळताना जे मोजले जात नाही त्याला खेळाच्या रचनेत किती जागा उरते, हा समीक्षेने विचारावयाचा प्रश्न होय. मराठी वाचकाला हे चटकन पटावे. जात्याने दळण दिले, तशी ओवीही दिली. आणि ओवीचे मोल कोणी पायलीने केले नाही.

टेबलावरून पडद्यावर

'पातळी' ही कल्पना संगणकाची नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अनुभवगुण आणि पातळ्या त्यात होत्याच. परंतु तो खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चारसहा मित्र एका टेबलाभोवती बसून खेळत. सामाजिकतेची तरतूद नियमपुस्तकात करण्याचे कारणच नव्हते. ती टेबलाने आधीच केलेली होती. पातळीचा आकडा हा या आठवड्याची बैठक पुढच्या आठवड्याच्या बैठकीला जोडणारा धागा होता. शिवाय गुण देणारा सूत्रधार समोर बसलेला असे, आणि एखाद्याने प्रसंग रंगवला तर त्याचेही गुण तो आपल्या अखत्यारीत देऊ शके. खेळ संगणकावर आला तेव्हा आकडा जसाच्या तसा आला, टेबल मात्र मागे राहिले. यानंतरचा इतिहास त्या हरवलेल्या टेबलाच्या शोधाचा आहे, असे म्हटल्यास फारसे चूक ठरू नये.

हा शोध लवकरच दोन वाटांनी गेला. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' हा केवळ मजकुराचा, अनेकांनी एकत्र खेळावयाचा खेळ रचण्यास आरंभ केला व पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. खजिना शोधावा, तो दलदलीत टाकून गुण मिळवावेत आणि पुरेसे गुण झाले की 'विझार्ड' व्हावे, अशी त्याची रचना होती. १९८९ मध्ये जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात 'टायनीमड' रचला. त्यातून त्यांनी लढाई आणि पातळ्या वगळल्या. उरले ते बोलणे आणि खोल्या बांधणे. त्याच्या आगेमागे कोपनहेगन विद्यापीठात 'डिकूमड' तयार झाला, तो मात्र लढाई, लूट आणि पातळी यांभोवती घट्ट विणलेला होता. पुढील बहुतेक व्यापारी खेळांनी वारसा घेतला तो या दुसऱ्याचा.

बार्टल यांचा १९९६ मधील निबंध या क्षेत्रात अजूनही प्रमाण मानला जातो. त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार केले : सिद्धी मिळवणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांना मारण्यात आनंद मानणारे. वर्गीकरण सुटसुटीत आहे, म्हणूनच ते इतके पसरले. परंतु त्यातील अडचण मूलभूत आहे. सामाजिकता हा येथे व्यक्तीचा स्वभाव ठरतो. कोणी मुळातच बोलका, कोणी मुळातच कमावता. रचनाकाराने प्रत्येकाची सोय पाहावी म्हणजे झाले. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३००० खेळाडूंच्या उत्तरांचे घटक-विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात सिद्धी आणि सामाजिकता ही प्रयोजने परस्परांना मारक नसल्याचे दिसून आले. एकाच माणसात दोन्ही नांदतात. मग कोणते केव्हा वर येते, याचे कारण स्वभावात शोधण्यापेक्षा परिस्थितीत शोधणे भाग आहे.

नोराथमधील विसावा

या दृष्टीने 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ बारकाईने पाहण्याजोगा आहे. मार्च १९९९ मध्ये तो आला. नोराथ हे त्यातील जग, आणि आरंभी ५० पर्यंत पातळ्या. दळण म्हणाल तर इतके कठोर की, खेळाडूंनीच व्यसनाचा निर्देश करून त्याला 'एव्हरक्रॅक' असे नाव ठेवले. पात्र मेले की कमावलेले अनुभवगुण वजा होत, कधी पातळीही खाली येई. आणि अंगावरचे सर्व सामान प्रेतापाशी, जेथे मरण आले तेथेच पडून राही. ते आणण्यासाठी नव्याने जिवंत झालेल्या पात्राने रिकाम्या हाताने परत जावे, अशी तऱ्हा.

आता या कठोरपणाचे फलित पाहा. वरच्या पातळ्यांवर एकट्याने निभाव लागणे बहुतेक वर्गांना अशक्य होते. प्रेत ओढून आणण्याची विद्या नेक्रोमॅन्सरपाशी, मेलेल्याला उठवून गमावलेले गुण परत मिळवून देण्याची विद्या क्लेरिकपाशी, दूरच्या खंडात क्षणात पोहोचवण्याची विद्या ड्रुइड आणि विझार्ड यांच्यापाशी. कोणीच स्वयंपूर्ण नव्हता. त्यामुळे नावाला किंमत आली. एका सर्व्हरवरची वस्ती मर्यादित होती. लूट पळवणारा, अर्ध्या लढाईत गटाला सोडून जाणारा, चार दिवसांत सर्वांना ठाऊक होई. ज्या ठिकाणी एखादा दुर्मीळ राक्षस ठरावीक काळाने प्रकट होई तेथे खेळाडू यादी करून रांग लावत. ही रांग खेळाच्या संगणकीय नियमांत कोठेही लिहिलेली नव्हती. रांग मोडणाऱ्याला यंत्र अडवीत नसे, लोक अडवीत.

याहून अधिक लक्षणीय गोष्ट म्हणजे विसावा. दोनचार लढायांनंतर मांत्रिकाची मंत्रशक्ती संपे आणि ती भरून येण्यासाठी त्याला जमिनीवर बसावे लागे. सुरुवातीच्या पातळ्यांवर तर मंत्रांचे पुस्तक उघडून बसण्याची अट होती, आणि त्या पुस्तकाने समोरचे दृश्यच झाकले जाई. झाडे नाहीत, शत्रू नाही. डोळ्यांसमोर राहे ती संवादाची चौकट. रचनेच्या शास्त्रानुसार हा ढळढळीत दोष होता, आणि पुढे तो दूरही करण्यात आला. परंतु त्या मिनिटांत करण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे गटातील सहा जण बोलत. कोणी आजारी मुलाविषयी, कोणी नोकरीविषयी, कोणी उद्याच्या परीक्षेविषयी. टी. एल. टेलर यांनी 'प्ले बिटवीन वर्ल्ड्स' (२००६) या ग्रंथात एव्हरक्वेस्टच्या खेळाडूंचा जवळून अभ्यास केला आहे. ज्यांना आपण निव्वळ आकड्यांमागे लागलेले समजतो ते कसलेले खेळाडूदेखील ओळखीपाळखीच्या दाट जाळ्यावर विसंबून असतात, असे त्यांनी दाखवले. सामाजिक जग आणि दळण ही येथे एकाच हाताची दोन कामे होती.

बाजाराचे उदाहरण तर बोलके आहे. ईस्ट कॉमनलँड्स या प्रदेशातील एक बोगदा अनेक सर्व्हरांवर आपोआप बाजारपेठ बनला. रचनाकारांनी तो त्यासाठी बांधला नव्हता. वाहतुकीला सोयीचा, आडोशाचा, म्हणून लोक तेथे जमू लागले; ओरडून माल विकू लागले; घासाघीस, फसवणूक, दानधर्म असे सर्व काही तेथे घडे. डिसेंबर २००१ मधील 'शॅडोज ऑफ लुक्लिन' या विस्ताराने 'बाजार' नावाचे स्वतंत्र ठिकाण दिले. विक्रेत्याचे पात्र तेथे बसवून ठेवावे, स्वतः खुशाल जेवावयास जावे, गिऱ्हाइकाने यादीत शोधून वस्तू घ्यावी. व्यवहार जलद झाले, भाव स्पष्ट झाले, आणि बोगदा ओस पडला. सोय झाली हे नाकारण्याचे कारण नाही. आठवड्याच्या बाजाराला गेलेला माणूस फक्त मिरच्या घेऊन परतत नाही, एवढेच येथे नोंदवायचे.

अर्थशास्त्राने या जगाची दखल लवकर घेतली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मधील आपल्या निबंधात नोराथमधील एका तासाच्या खेळाचे मोल सुमारे ३.४२ डॉलर काढले आणि तेथील दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यान बसवले. निबंध गाजला, आणि विद्यापीठांत या खेळांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मात्र गांभीर्य लाभले ते तासाचा दर निघाल्यावर, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मंत्रपुस्तकामागे बसून झालेल्या बोलण्याचा दर त्या हिशोबात येत नाही.

नाचण्याचे दळण

दळण काढून टाकले तर समाज आपोआप फुलेल, या समजुतीची परीक्षा प्रत्यक्षात झालेली आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात पात्राला पातळीच नव्हती. जे काम करावे ते कौशल्य वाढे. लोहार, शिंपी, कोळी होऊन जगता येई. परिणाम काय झाला? कौशल्याचा आकडा चढवण्यासाठी लोक शेकड्यांनी कट्यारी घडू लागले, ज्या कोणालाच नको होत्या. पातळी गेली, दळण राहिले.

या खेळाचे एक प्रमुख रचनाकार राफ कोस्टर यांनी पुढचे पाऊल 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'मध्ये टाकले. जून २००३ मध्ये हा खेळ सुरू झाला. रचनेच्या इतिहासात इतका उदार प्रयोग क्वचितच झाला असेल. लढणाऱ्याला युद्धाचा शीण येई आणि तो उतरवण्यासाठी त्याला कँटिनात, म्हणजे गुत्त्यात, येऊन वादक किंवा नर्तक यांचा कार्यक्रम पाहावा लागे. हे वादक-नर्तकही खेळाडूच. वैद्याच्या जखमा-दुरुस्तीसाठी रांगेत थांबावे, गाणे ऐकावे, शेजाऱ्याशी बोलावे. नोराथमध्ये जो विसावा अनवधानाने घडला त्याला येथे जाणीवपूर्वक जागा, वेळ आणि व्यवसाय देण्यात आला. हरवलेले टेबल कोस्टर यांनी पुन्हा घडवले, असे क्षणभर वाटते. अनेकांना तो अनुभव आजही विसरता येत नाही, आणि त्यांच्या आठवणी खोट्या मानण्याचे कारण नाही.

परंतु नर्तकाच्या व्यवसायालाही अनुभवगुण होते. नाचावे, गुण मिळवावेत, पुढची मुद्रा शिकावी. खेळातच आज्ञांची मालिका लावून ठेवण्याची सोय होती. तिला मॅक्रो म्हणतात. लोक मॅक्रो लावून झोपी जात. कँटिनात पात्रे रात्रभर नाचत आणि त्यांच्यामागे माणूस नसे. लढाऊ खेळाडू येई, शीण उतरेपर्यंत थांबे, एक शब्द न बोलता निघून जाई. २००३ च्या अखेरीस यावर कळस चढला. जेडाय होण्याची गुप्त वाट कोणती, याचा उलगडा होऊ लागला : होलोक्रॉन नावाची वस्तू वापरली की कोणत्या व्यवसायात पारंगत व्हावे हे कळे. मग ज्याला नाचाचे, पाककलेचे, केशरचनेचे काडीचे प्रेम नाही असा माणूस यादीतला एक टप्पा म्हणून तो व्यवसाय घोटू लागला. सामाजिकतेचा व्यवसायच दळणाचा कच्चा माल झाला.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामगिरीला गुणांकन लावले, तेव्हापासून विषयाच्या ओढीने चर्चासत्राला गेलेला प्राध्यापक आणि प्रमाणपत्रासाठी गेलेला प्राध्यापक यांतील फरक मागच्या रांगेतून तरी ओळखता येत नाही. कँटिनातल्या निर्मनुष्य नर्तकाला हसण्याआधी आपण जरा थांबलेले बरे.

स्टार वॉर्स गॅलक्सीजच्या अपयशाचे खापर सामान्यतः नोव्हेंबर २००५ मधील बदलांवर फोडले जाते. त्या वेळी सुमारे तीस व्यवसाय मोडून नऊ ठरीव भूमिका ठेवण्यात आल्या आणि जेडाय होणे पहिल्या दिवसापासून सर्वांना खुले झाले. खेळाडूंचा संताप रास्त होता. वर्षानुवर्षे जोपासलेली पात्रे एका दिवसात निरर्थक झाली. १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ बंदही झाला. तरी प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ फट त्याआधीची आहे. संवादाची जागा निर्माण करणे रचनाकाराच्या हाती असते. त्या जागेत जे घडेल त्याला त्याने गुण लावले की ते घडल्याचा देखावाही तितकेच गुण मिळवतो, आणि देखावा करणे यंत्राला अधिक सोपे जाते.

गिरणी

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २३ नोव्हेंबर २००४ रोजी आला आणि त्याने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. दळण कष्टाचे आहे ना, मग ते हलके करू. प्रत्येक वर्गाला ६० व्या पातळीपर्यंत एकट्याने जाता येईल अशी मोहिमांची साखळी आखली गेली. मरणाची शिक्षा सौम्य झाली. खेळापासून दूर राहिलेल्याला विश्रांतीचे जादा गुण मिळू लागले. खेळ अफाट लोकप्रिय झाला. निकोला डुशनो, निक यी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये या खेळाविषयी जो निबंध सादर केला त्याचे शीर्षकच एकत्र असून एकटे असण्याविषयी प्रश्न विचारते. विशेषतः आरंभीच्या पातळ्यांवर खेळाडू गटात फारच थोडा वेळ घालवतात, असे त्यांना आढळले. इतर माणसे सोबती म्हणून कमी आणि प्रेक्षक म्हणून अधिक उपयोगी पडत.

डिसेंबर २००९ मध्ये गट जुळवणारी यंत्रणा आली. एक कळ दाबावी, निरनिराळ्या सर्व्हरांवरील पाच अनोळखी माणसे एकत्र आणली जावीत, गुहेच्या दारात थेट पोहोचवली जावीत, काम उरकले की पांगावीत. कोणाशी कसे वागलो याचा उद्यावर परिणाम नाही, कारण उद्या ती माणसे भेटणारच नाहीत. पूर्वी शहराच्या चौकात ओरडून गट जमवताना तासभर जाई. त्या तासाला कोणी मुकले असे मला म्हणावयाचे नाही. पोटापाण्याचे काम करून रात्री तासभर खेळणाऱ्याला तो वाया घालवणे परवडत नाही. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी पहाटे उठून दळावे लागलेले किती असतात, हे आपण जाणतोच. गिरणी आली ती बायकांच्या हाताला आराम देत आली. ओवी तिच्या आवाजात बुडाली, हेही तितकेच खरे.

मग जाते परत आणावे काय? तसाही प्रयत्न झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक' या नावाने जुना खेळ जुन्या नियमांसह पुन्हा खुला करण्यात आला. गट जुळवणारी यंत्रणा त्यात नव्हती. आरंभीचे काही आठवडे चौक गजबजले. परंतु माणसे २००४ ची नव्हती. प्रत्येक मोहिमेची कोष्टके पाठ, कोणत्या गुहेत तासाला किती गुण याचे हिशोब तयार. बलाढ्य मांत्रिकाला खेळातील सोने देऊन त्याच्यामागे उभे राहावे आणि काही न करता पातळी वाढवून घ्यावी, अशी सेवा सर्रास विकली जाऊ लागली. नियम तेच असूनही समाज तोच झाला नाही. रचनेवर सर्व भार टाकणाऱ्या समीक्षेला, आणि त्यात या लेखाचा पहिला अर्धा भागही आला, हे उदाहरण अडचणीचे आहे. रचना अवकाश देते. तो अवकाश मोजमापाला विकावयाचा की नाही, हे खेळणाऱ्यांच्या संस्कृतीवरही अवलंबून राहते.

न मोजलेले

याच गिरणीच्या आवाजात ओवी टिकल्याचेही एक उदाहरण आहे. नॉर्वेतील मॅट्स स्टीन हा तरुण ड्यूशेन प्रकारच्या स्नायुक्षयाने २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी वारला. आयुष्याची शेवटची वर्षे त्याने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये इबेलिन या नावाने काढली होती. मुलगा एकाकी गेला, असे आईवडिलांना वाटत होते. त्याच्या मृत्यूची वार्ता त्यांनी त्याच्याच ब्लॉगवर दिली, तेव्हा निरनिराळ्या देशांतून त्याच्या मित्रांची पत्रे येऊ लागली. काही जण अंत्यविधीलाही आले. बेंजामिन री यांच्या २०२४ मधील माहितीपटामुळे ही हकीकत सर्वदूर गेली. तिचा उपयोग बहुधा खेळांच्या समर्थनार्थ केला जातो. आपल्या दृष्टीने तिच्यातील दुसराच तपशील महत्त्वाचा आहे. इबेलिन 'स्टारलाइट' नावाच्या ज्या गिल्डमध्ये होता ती भूमिका जगण्यासाठी जमलेल्या लोकांची होती. पातळीचा आकडा त्यांच्याही पात्रांना होता. परंतु संध्याकाळी शेकोटीपाशी बसून आपल्या पात्राच्या तोंडून बोलणे, कोणाचे रुसवे काढणे, कोणाला धीर देणे, याला खेळ एकही गुण देत नव्हता, आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता.

हा तपशील आपल्याला कळतो, कारण त्या गिल्डने आपले संवाद जपून ठेवले होते. माहितीपटातील प्रसंग त्या संवादांवरूनच उभे केले आहेत. समीक्षेपुढील खरी अडचण येथे सुरू होते. एव्हरक्वेस्टच्या पातळ्या, वस्तू, भाव, राक्षसांच्या प्रकट होण्याच्या वेळा यांची कोष्टके आजही मिळतात. बोगद्यातली घासाघीस आणि मंत्रपुस्तकामागची बोलणी, काही तुरळक नोंदी वगळता, गेली. आपण ज्या सामाजिक जगाविषयी सिद्धान्त मांडतो त्याची संहिताच आपल्यापाशी नाही. आहे ती त्याची जमाखर्चाची वही. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत आपण थोडे भाग्यवान ठरलो. जाती कोपऱ्यात सरकू लागली असतानाच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. ऑनलाइन खेळांचे सर्व्हर मात्र एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी बंद होतात. १५ डिसेंबर २०११ च्या रात्री कँटिनांत जमलेले लोक शेवटी काय बोलत होते, ते त्यांच्यापैकी ज्यांनी पडद्याची छायाचित्रे काढून ठेवली त्यांच्या संगणकांवरच शोधावे लागेल.